अर्जाला जोडलेला आलेख

ऑफिसात त्यांना सगळे ‘बटणवाले’ म्हणत. रोज दुपारी दीडला सर्व्हरची मेमरी भरायची, सगळ्यांचे संगणक गोठायचे आणि हे डबा अर्धवट टाकून रीस्टार्टचं बटण दाबायला धावायचे. त्यापायी नऊ वर्षांत त्यांना सलग दोन दिवस रजा मिळाली नव्हती.

आता मुलगी शिकायला दूरच्या गावी निघाली होती. तिला हॉस्टेलवर सोडायला चार दिवस हवे होते.

“आणि बटण कोण दाबणार? मी?” साहेबांनी विचारलं.

बटणवाले इरेला पेटले. तीन दिवस खपून त्यांनी मेमरी खाणारा चोर शोधला, तर तो घरातलाच निघाला. ऑफिसातल्या तीनशे संगणकांची तपासणी करणारी स्क्रिप्ट त्यांनीच कधी काळी लिहिली होती. ती प्रत्येक संगणकासाठी मेमरीत जागा अडवणारं एक ऑब्जेक्ट तयार करी आणि काम संपलं तरी ते मोकळं करत नसे. नऊ वर्षं मशीनला शिव्या घातल्या आणि लिहायची राहिली होती स्वतःचीच एक ओळ! ऑब्जेक्ट मोकळं करणारी ती ओळ त्यांनी मुकाट्याने लिहिली. हे सांगणार तरी कोणाला?

दीड वाजला, दोन वाजले, काही गोठलं नाही. आठवडाभर बटणवाले डबा शेवटपर्यंत जेवले. मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि पुरावा म्हणून मेमरीचा आलेख सोबत जोडला. पुराव्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

साहेबांनी अर्ज बाजूला सारून आलेखच पाहिला. “म्हणजे ऐंशी टक्के मेमरी रिकामी?”

“हो साहेब. आता काळजीच नाही.”

“अहो, मग हे मशीन नुसतं बसून खातंय की!”

संध्याकाळपर्यंत चार शाखांचं काम याच सर्व्हरवर आणायचं ठरलं. सोमवारपासून.

“तुम्हीही आता मोकळेच आहात,” साहेब म्हणाले. “रजेचं नंतर बघू.”

घरी मुलगी बॅगेवर बसून चेन लावत होती. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं.

“असू दे, मामा येतोय माझ्याबरोबर,” ती म्हणाली. पण तिला राहवेना. “बाबा, तो आलेख जोडायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“नुसतं आजारी आहे म्हणायचंस ना!”

बायको आतूनच म्हणाली, “म्हटलं असतं गं यांनी. आणि सोबत सगळं नॉर्मल असल्याचा रिपोर्ट जोडला असता.”

ते खरं होतं, हेच त्यांना जास्त लागलं.