शेवंतीच्या गावाने दिलेला काळोख

"वर काय बघतोस? फुलं खाली असतात!"

बापाचा हा आवाज हिसाओच्या कानात अजून जसाच्या तसा होता. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली, हिसाओने स्वतः साठी ओलांडली, पण मान जरा वर झाली की कुठूनतरी तो आवाज यायचा आणि मान आपसूक खाली यायची. शेवंतीवाल्याच्या घरी जन्म घेतल्यावर दुसरं काय होणार! त्या अख्ख्या भूशिरावर काचघरांतून शेवंतीच शेवंती. आणि शेवंती मोठी भोळी. रात्री लांबल्या की तिला वाटतं, आली आपली वेळ, आणि ती कळी धरते. मार्चमध्ये, जपानातल्या पितरांच्या दिवसांत फूल बाजारात न्यायचं, तर नोव्हेंबरात तिला नीट झोपू देऊन चालत नाही. म्हणून रात्री दहाच्या ठोक्याला गावभरच्या काचघरांत दिवे लागतात. त्या केशरी उजेडात समुद्र दिसतो, कोबीचे वाफे दिसतात, शेजाऱ्याचं मांजर दिसतं. आभाळ तेवढं दिसत नाही.

अशा गावात हिसाओने दुर्बीण आणली.

नुसती दुर्बीण नव्हे. तिच्याखाली ताऱ्यांच्या चालीने फिरणारी मोटरची बैठक, तिच्या पाठीला कॅमेरा, आणि नळीवर दव धरू नये म्हणून गुंडाळायच्या उबेच्या पुड्या. खोकी उघडताना त्याची बायको कियोमी दारात उभी होती. तिने एकदा खोक्यांकडे पाहिलं आणि एकदा अंगणापलीकडच्या कोठाराकडे. त्या कोठारात हिसाओच्या छंदांची समाधिस्थळं ओळीने होती. सोबाच्या शेवयांसाठी पीठ लाटायचा पाट, दोन गळ, आणि ज्यातून वाऱ्याखेरीज काही निघालं नाही अशी बांबूची बासरी.

"हे कुठल्या फळीवर ठेवायचं, ते आत्ताच सांगा," कियोमी म्हणाली. "मी जागा करून ठेवते."

"या वेळी तसं नाही. देवयानी दीर्घिकेचा फोटो काढणार आहे मी. तिच्यात तारेच तारे आहेत, अब्जावधी."

"बरं. शनिवारपर्यंत एक फोटो दाखवा. नाहीतर बासरीशेजारी."

अमावास्येचे सगळे दिवस ढगांनी खाल्ले. शनिवारी आभाळ उघडलं ते षष्ठीच्या चंद्राला घेऊन. चंद्र दहाला मावळणार, आणि दहालाच दिवे लागणार. मध्यरात्रीनंतर जागावं, तर पहाटे फुलांची तोडणी. हिसाओ हिशेब मांडत बसला आणि शेवटी एक धाडसी विचार त्याच्या मनात आला. दिवे एक तास उशिरा लावले तर? शेवंतीला मध्यरात्री जागवल्याशी मतलब. तासाभराने तिचं काय बिघडतंय?

विचार आला आणि पाठोपाठ बापही आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या काचघरात एका कोपऱ्याने वेळेआधी कळ्या धरल्या होत्या. बापाने अख्ख्या शेतकरी मंडळासमोर त्याला झापलं होतं, "वायर जोडतोस की शेवया वळतोस?" हिसाओला तिथल्या दिव्यांची वायर नीट जोडल्याचं पक्कं आठवत होतं, पण पुराव्याला कोपऱ्यातल्या टपोऱ्या कळ्या उभ्या होत्या. तेव्हापासून रोज रात्री दहाला तो त्या जोडाला हात लावून यायचा. देवाला लावावा तसा.

तरीही घेवड्याच्या गोड वड्यांचा एक-एक डबा घेऊन तो आधी शेजाऱ्यांकडे आणि मग गावभर घरोघर गेला. मुराकोशीकाका ऐंशीचे, त्याच्या बापाचे मित्र. कानाने कमी, आवाजाने जास्त.

"तासभर अंधार हवाय? घे की! आभाळ काय माझ्या नावावर आहे?"

पलीकडच्या कुवानोकाकू म्हणाल्या, "अगंबाई, आमच्या दिव्यांचा तुला इतके दिवस त्रास होत होता? बोलला का नाहीस रे आधी? किती लाज वाटली मला!" आणि त्यांनी हिसाओच्या वड्यांच्या बदल्यात त्याच्या हातात मोठा कोबी दिला.

रात्री दहा वाजले. चंद्र समुद्रात उतरला. गावात कुठेही दिवे लागले नाहीत.

तव्याची काळी पाठ उलटी धरावी तसं आभाळ वर आलं, आणि मग त्यात कुणीतरी मूठमूठ तांदूळ फेकल्यासारखे तारे. कपाळाला लाल दिवा बांधून हिसाओ गुडघ्यावर बसला आणि बैठकीचा आस ध्रुवाकडे वळवू लागला. ध्रुव अगदी मधोमध आला असेल-नसेल, तोच कोबीच्या वाफ्यांवरून दोन पांढरे डोळे झपाट्याने आले. मुराकोशीकाकांचा छोटा ट्रक.

"दिवे लावायचे राहतील म्हणून झोपता येईना!" काका अंधारात ओरडले. "म्हटलं जागायचंच आहे तर बघावं तरी. अरेरे, माझा उजेड पडला का? माफ कर हं!"

ट्रकचे दिवे विझले आणि काका कमरेत वाकले. ऐंशीचा माणूस वाकतो आहे म्हटल्यावर हिसाओचं कपाळ आपोआप खाली गेलं. दुर्बिणीची नळी बरोबर वाटेत होती. टण्ण! ध्रुव गेला.

"काही लागलं का रे?"

"नाही, नाही. मलाच माफ करा."

पुन्हा गुडघे टेकले. पुन्हा ध्रुव शोधला. तोवर सायकलचा दिवा लुकलुकत आला. मागच्या सीटवर कुवानोकाकूंचं पातेलं, त्यात ऊनऊन ओदेन, रश्शात शिजवलेले मुळे आणि अंडी.

"नवीन वस्तू बघायला रिकाम्या हाताने कसं यायचं? काय हो मुराकोशी, तुम्ही काय आणलंत?"

"मी आशीर्वाद आणलेत!"

"ते गार होत नाहीत, नंतर द्या. हिसाओ, मुळा घेतोस की अंडं?"

"काकू, आधी सायकलचा दिवा..."

"अगंबाई! चुकलंच माझं!" काकू वाकल्या. काकू वाकल्या म्हणून हिसाओ वाकला. टण्ण!

तिसऱ्यांदा ध्रुव जागेवर आला, तेव्हा पातेल्याच्या वाफेने भिंग धूसर झालं होतं. उबेच्या पुड्या शोधाव्यात, तर त्यातल्या दोन काकांच्या खिशात पोचलेल्या. "मला वाटलं पाहुण्यांसाठी ठेवल्यास." भिंग पुसलं, पातेलं वाऱ्याच्या बाजूला हलवलं, काकांना खुर्ची दिली. अकराला थोडाच वेळ उरला. देवयानी डोक्यावर आली होती. छोट्या पडद्यावर धुराच्या फुंकरीसारखा एक ठिपका दिसला, आणि हिसाओने हात वर केला.

"आता तीन मिनिटं कुणी बोलू नका, हलू नका. एकच फोटो निघेल. यावर माझी दुर्बीण घरात राहते की कोठारात जाते ते ठरणार आहे."

"मग आम्ही पुतळे!" काका म्हणाले आणि त्यांनी तोंडावर दोन्ही हात दाबले.

कळ दाबली. मोटर चांदणीच्या चालीने कुरकुरू लागली. दूर समुद्राचा आवाज होता. आणि घराच्या बाजूने, काळोखातून, कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं.

वरल्या शेतात, कोण पेरितो चांदणं,
उगवून येतं, माझ्या माहेराचं अंगण.

कियोमी. ती डोंगरातल्या गावची. हे गाणं हिसाओने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. त्याला वळून बघायचं होतं, पण तीन मिनिटं हलायचं नव्हतं. दोन मिनिटं गेली. अडीच गेली. आणि तेवढ्यात कुवानोकाकूंना राहवेना.

"हिसाओ," त्या अगदी कुजबुजून म्हणाल्या, "मघाशी वड्यांचे आभार मानायचे राहिलेच रे." आणि त्या नम्रपणे वाकल्या.

हिसाओने दात आवळले, मान ताठ केली, मनाशी बापाचं नाव घेतलं. पण साठ वर्षांची सवय मानेत नसते, मणक्यात असते. तो वाकला.

टण्ण.

"अकरा वाजले!" काका किंचाळले. ट्रक सुरू झाला, सायकल निघाली, आणि हिसाओ धडपडत उत्तरेच्या काचघराकडे धावला. तो पोचायच्या आतच दिवे लागले. मग मुराकोशींचे लागले, मग कुवानोंचे, मग गावभरचे, आणि आभाळ पुन्हा भाजलेल्या रताळ्याच्या गरासारखं झालं. बटणापाशी कियोमी उभी होती. तिच्या केसांवर दव होतं. म्हणजे ती बराच वेळ बाहेर होती.

"तुम्ही विसराल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "दाखवा फोटो."

हिसाओने कॅमेरा पुढे केला. पडद्यावर देवयानी होती. फिकट, पण होती, समईच्या ज्योतीभोवतीच्या तेजासारखी. मात्र फोटोतल्या प्रत्येक ताऱ्याला एक बारीकशी शेपटी होती. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला, खाली, कमरेत वळल्यासारख्या.

"बिघडला," हिसाओ म्हणाला. "मी वाकलो, नळीला लागलं, सगळे तारे हलले." त्याने खिशातून कोठाराची किल्ली काढली. "बासरीशेजारी ना?"

कियोमीने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग ती हसली. ती इतकी हसली, की तिला काचघराच्या खांबाचा आधार घ्यावा लागला.

"बिघडला कुठे? तुम्ही सगळ्या गावासमोर वाकलात, म्हणून आभाळही उलट वाकलंय. इतके तारे, आणि एकही उद्धट नाही!" तिने किल्ली त्याच्या हातातून काढून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. "हा फोटो देवघरात लावायचा. मामंजींच्या फोटोशेजारी."

"बाबांच्या?" हिसाओ दचकला. "फ्रेममधून ओरडतील. वर काय बघतोस म्हणून."

कियोमी काचघराच्या कोपऱ्यात गेली, जिथे तो रोज हात लावायचा त्या वायरच्या जोडापाशी, आणि तिने त्या जोडावरून बोट फिरवलं.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली. मामंजींना शब्द दिला होता, पण आज आभाळ पाहिलं आणि आता पोटात राहत नाही. त्या वर्षी माझी आई गेली, आठवतं? मी रात्री इथे येऊन रडायचे. माहेरी कमीतकमी चांदण्या तरी दिसतात, म्हणायचे. एकदा मामंजींनी ऐकलं. मग ते रोज रात्री येऊन या कोपऱ्यातले दिवे बंद करायचे. बल्ब तपासतोय म्हणायचे. आणि आम्ही दोघं बादल्या उलट्या घालून बसायचो, वर बघत. रोज थोडं जास्तच बसायचो."

हिसाओने त्या कोपऱ्याकडे बोट केलं. "म्हणजे त्या कळ्या... आणि मंडळासमोर माझी वायर..."

"तुम्हाला झापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मामंजी, त्यांना खरं सांगू या. तर म्हणाले, 'मुळीच नाही. एकदा त्या पोराची मान वर गेली ना, की परत खाली यायची नाही. मग फुलं काय मी एकट्याने तोडू?'"