दाक्षायणी बिराजदार हिचे नाव कमी करण्याबाबत

सोलापूरच्या साखर पेठेत १९७४ सालच्या मे महिन्यात साखर मिळत नव्हती, आणि यात कुणालाही विनोद दिसत नव्हता. बिराजदारांच्या घरात तर मुळीच नाही. तिथं तीन भाऊ, तीन जावा आणि त्यांची मिळून नऊ मुलं एका चुलीवर जेवत. शिवाय उन्हाळ्याची सुट्टी लागल्यामुळे मंद्रूपच्या नणंदेची चार आणि वैरागच्या नणंदेची चार अशी आठ मुलं वर आली होती. सगळी मिळून सतरा. गल्लीतली येऊनजाऊन असत, ती वेगळी.

थोरली जाऊ हेमावती हिची पोरं मोजायची पद्धत अगदी सोपी होती. पंगतीत कुणी रडलं नाही, म्हणजे सगळी जेवली. कुणी रडलं, म्हणजे एक राहिलं. सोळा वर्षं हीच पद्धत चालू होती आणि तोवर एकही पोर हरवलं नव्हतं.

अशा घरासमोर एका मंगळवारी भर दुपारी पुरवठा निरीक्षक रामहरी डोके सायकलवरून उतरले. रेशनकार्डांवरची खोटी नावं शोधून काढण्याची मोहीम सुरू झाली होती आणि साखर पेठ त्यांच्या वाट्याला आली होती. डोके अत्यंत प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी नोकरीत कधी कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. त्यामुळे त्यांच्याशी काही बोलून मार्ग निघण्याची सोयच नव्हती.

"कार्डावर मुलं नऊ आहेत," डोके सोप्यात उभे राहून म्हणाले. "नऊ हजर करा."

हेमावतीनं पदराला हात पुसत हाक मारली. पाठच्या अंगणातून, माळवदावरून, जिन्याखालून पोरं आली. डोक्यांनी मोजली. चौदा भरली. पुन्हा मोजली, तर एकोणीस झाली.

"बाई, ह्यातली तुमची कोणती?"

"सगळी आमचीच की."

"कार्डावरची कोणती?"

हेमावतीला हा भेद नवा होता. ती बोट दाखवू लागली, पण जिच्याकडे बोट दाखवावं ती पोर तोवर दुसरीकडे गेलेली असे. मग डोक्यांनी हजेरी घ्यायचं ठरवलं. सुट्टीत शाळा-शाळा खेळून कंटाळलेल्या पोरांना खरा मास्तर मिळाला. प्रत्येक नावाला सहा-सहा जण एका सुरात "हजर!" म्हणून ओरडू लागले. डोके घामाघूम झाले. पण डगमगले नाहीत. त्यांनी पिशवीतून जांभळ्या शाईचा पॅड आणि कचेरीचा शिक्का काढला. ज्याची ओळख पटेल त्याच्या मनगटावर शिक्का मारायचा. एका मनगटावर एक शिक्का, नऊ शिक्के झाले की काम संपलं.

ही युक्ती पोरांना फारच आवडली. इतकी, की पलीकडच्या तेलुगू हातमागवाल्या नरसय्याचा सात वर्षांचा गोविंदही मनगट पुढं करून रांगेत उभा राहिला.

नऊ शिक्के झाले तेव्हा घोळ उघड झाला. कार्डावर पाच मुलगे आणि चार मुली होत्या. शिक्के सहा मुलग्यांवर आणि तीन मुलींवर पडले होते.

"एक मुलगा जास्त कसा?" डोक्यांनी रांगेकडे पाहिलं. गोविंदनं प्रामाणिकपणे नाव सांगितलं.

"तू जेवतोस कुठं?"

"हितंच."

"झोपतोस कुठं?"

"हितंच, माळवदावर."

दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. मे महिन्यात निम्मी गल्ली बिराजदारांच्या माळवदावर झोपत असे. आणि नियमही स्पष्ट होता: जो ज्या घरी जेवतो आणि झोपतो, तो त्या घरचा.

"आणि ही दाक्षायणी कुठं आहे? वय वर्षे पाच?"

"दाक्षा हाय की, सायेब. माझीच पोर," हेमावती म्हणाली. "लपलीय. तुमी मोजायला लागला तवा पोरांना वाटलं, लपाछपीच हाय."

"कुठं लपलीय?"

"ते ठावं असतं तर लपली कशी म्हणायची?"

डोक्यांनी हे उत्तर टिपून घेतलं. मग सगळ्या घरानं दाक्षाला हाका मारल्या. "ये गं, सायेब आलेत!" म्हटल्यावर ती आणखी आत सरकली असावी. डोक्यांनी नियमाप्रमाणे वीस मिनिटं वाट पाहिली, पन्ह्याचा पेला नियमाप्रमाणे नाकारला आणि ते निघून गेले. त्यांची सायकल कोपऱ्यावर वळते न वळते तोच वळकट्यांच्या ढिगामागून घामानं निथळलेली दाक्षा बाहेर आली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "मीच जिंकले!"

आठ दिवसांनी पत्र आलं. हेमावतीचा नवरा सिद्धाराम चादरीच्या दुकानात कामाला होता आणि कानडी-मराठी बोलणाऱ्या त्या घरात मराठी वाचण्याचं काम त्याच्याकडे असे. त्यानं खणखणीत आवाजात वाचलं:

"आपल्या शिधापत्रिकेवरील कु. दाक्षायणी, वय ५, ही व्यक्ती अस्तित्वात नसल्याचे पाहणीअंती आढळून आले. सबब तिचे नाव कमी करण्यात येत आहे. तसेच गोविंद, वय ७, ही व्यक्ती आपल्या घरी राहत असूनही आपण तिची नोंद करण्याचे टाळले, ही बाब गंभीर आहे. सदर नाव दाखल करण्यात येत असून यापुढे असे घडू नये अशी आपणास समज देण्यात येत आहे."

पहिले दोन दिवस घरात नुसती मजा चालली. दाक्षा आंघोळीला बोलावलं की म्हणे, "मी न्हायच की!" गोविंदची आई लक्षम्मा मात्र धास्तीत होती. सरकारनं पोरगा दुसऱ्याला दिला म्हणजे काय, हे तिला कुणी नीट समजावून सांगू शकलं नाही. तिसऱ्या दिवशी आंबे वाटताना मंद्रूपच्या एका पोरानं फोड मागं घेतली. "तू तर न्हायसच. तुला कशाला?" आणि पंगतीत रडणं ऐकू आलं. हेमावती चुलीपासून उठली. तिच्या हिशेबानं याचा अर्थ एकच होता.

शिवाय जूनमध्ये दाक्षाला पहिलीत घालायचं होतं आणि हेडमास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "कार्डावर नाव पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी हेमावती दाक्षाला कडेवर घेऊन पुरवठ्याच्या कचेरीत गेली.

"ही बघा दाक्षायणी," तिनं पोरीला टेबलावरच बसवलं.

कारकुनानं चष्म्याच्या वरून पाहिलं. "दिसतेय मला. पण आता दिसून काय उपयोग? पाहणी संपली."

"मग परत या की पाहायला."

"पुढली मोहीम पाच वर्षांनी."

"तवर हिनं काय करायचं?"

"तोवर तिनं काही करायचा प्रश्नच येत नाही," कारकून समजुतीच्या स्वरात म्हणाला. "नाव नाही ना."

दाक्षानं तेवढ्यात टेबलावरची टाचणी उचलली, म्हणून कारकुनानं तिला दटावलं. मग आपण कुणाला दटावलं याचा विचार करत त्यानं टाचणी परत जागेवर ठेवली. शेवटी त्यानं डोक्यांना बोलावून घेतलं.

"तुमी नुसतं लिवून द्या," हेमावती त्यांना म्हणाली, "का पोरगी त्या दिवशी घरातच हुती."

"बाई, ती घरात होती असं मी लिहिलं, तर घरात असलेली मुलगी मला दिसली नाही असा अर्थ होतो. तो हलगर्जीपणा झाला. मी हलगर्जीपणा करत नाही."

"म्हणून ती जगातच न्हाय असं लिवलंत व्हय?"

डोके दुखावले. "मी असं कुठंही लिहिलेलं नाही. मी फक्त 'आढळली नाही' असं लिहिलं. 'अस्तित्वात नाही' हे वरून लिहून आलं."

हेमावतीचे डोळे भरून आलेले पाहून कारकुनाला दया आली. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा, नाव चढायला दोन वाटा. एक जन्म. तो हिचा आता व्हायचा नाही. दुसरी, परगावचं नाव कमी करून आणल्याचा दाखला. तुमचं माहेर कुठलं?"

"मैंदर्गी."

"मग सुट्टीच आहे. जाऊन या की!"

बाकीच्या सोळांना मागं ठेवून एका दाक्षाला माहेरी नेणं शक्यच नव्हतं. गोविंदलाही न्यावं लागलं, कारण तो आता घरचाच होता. लक्षम्मानं डबा बांधून दिला आणि एस.टी. सुटेपर्यंत ती खिडकीशी हात धरून उभी राहिली. कंडक्टरनं दारातून आत पाहत विचारलं, "अवं, किती हायत?" हेमावती म्हणाली, "तुमीच मोजा. आमाला आता मोजायची भीती वाटतीया." त्यानं अक्कलकोटपर्यंत तीनदा मोजलं आणि पुढं नाद सोडला.

मैंदर्गीत हेमावतीच्या भावानं, गुरप्पानं, पोरांचा लोंढा पाहून आंब्याची अढीच उघडून दिली. सोमवारी तो भाचीला घेऊन गावच्या कारकुनाकडे गेला. कारकुनानं सोलापूरचं पत्र दोनदा वाचलं.

"ई हुडुगी यारु, गुरप्पा? कोण ही पोरगी?"

"भाची माझी. तितनं कमी केल्याती. हितं वाढवा."

"ही अस्तित्वात न्हाय म्हणून कमी केलीय."

"व्हय."

गुरप्पा भाचीला घेऊन उठायला लागला. पण कारकुनानं वही उघडली. "कारणाचा रकाना आमच्या वहीत न्हाय. कमी झालीय ना? झालं तर." आणि त्यानं दाक्षायणीचं नाव मामाच्या कार्डावर चढवलं.

गुरुवारी तेच नाव त्याच हातानं कमी झालं. मधले तीन दिवस दाक्षा रीतसर अस्तित्वात होती. त्या तीन दिवसांत ती मामाच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहली, तिनं तेवीस आंबे खाल्ले, गोविंदला कानडीत भांडायला शिकवलं आणि त्याच्याकडून तेलुगूत दोन शिव्या शिकली. अठरा पोरांची सुट्टी एवढी कधीच रंगली नव्हती. येताना हेमावतीनं दाखला चोळीत ठेवला होता. घाम लागून शाई फुटू नये म्हणून ती एस.टी.त वाटभर ताठ बसून आली.

सोलापूरच्या कारकुनानं दाखला उजेडात धरून पाहिला. "अगदी चोख आहे. आणा कार्ड." कार्ड उघडून तो थबकला. "पण जागा कुठंय? कार्डाला ओळी पंधरा. सहा मोठी, नऊ लहान. भरल्या की."

"मग गोविंदचं खोडा. त्येचं नाव त्येच्या बापाच्या कार्डावर हाय."

"ते कसं? पाहणीत आढळलेला माणूस आहे तो. त्याचं नाव काढलं तर पाहणीच चुकली म्हणावं लागेल."

"जोडायला कागुद न्हाय का?"

"पुरवणी कागद छापायला गेलेत. तुम्ही असं करा, ह्यातलं कुठलंही एक नाव सांगा. मी कमी करतो." त्यानं टाक शाईत बुडवला आणि वाट पाहत बसला.

हेमावतीनं कार्डाकडे पाहिलं. तिला अक्षर लागत होतं. तिनं वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. मधली जाऊ पोटुशी, तिचं नाव काढून कसं चालेल. धाकट्या दिराचं काढलं तर तो घर डोक्यावर घेईल. पोरांची नावं तर ओठांवर आणणंही नको. दुसऱ्या ओळीवर तिचं बोट टेकलं.

"हे खोडा. हेमावती सिद्धाराम."

"कारण काय लिहू? मयत की स्थलांतर?"

"स्थलांतर."

"कुठं?"

"सैपाकघरात," हेमावती म्हणाली. "सोळा वर्सं झाली तितंच हाय."

कारकुनानं 'स्थलांतर' एवढंच लिहिलं आणि शिक्का मारला. जूनच्या पहिल्या सोमवारी दाक्षायणी नवी पाटी घेऊन पहिलीत जाऊन बसली.

त्यापुढचा रविवार उजाडला. तिन्ही भाऊ सोप्यात बसले होते. सात वाजले, साडेसात झाले, चहा येईना. सिद्धाराम आत डोकावला. चूल थंड होती. हेमावती भिंतीला टेकून, पाय लांब करून, दोन्ही जावांसोबत शेंगा सोलून खात बसली होती.

"चहा?"

"कुणाला इचारताय?" हेमावती शांतपणे म्हणाली. "मी हितं राहत न्हाय. कार्डावर ज्येंची नावं हायत त्येनी करावा."

मधल्या जावेनं तोंडाला पदर लावला. धाकटीला मात्र ठसका लागला.

सिद्धारामनं आधी हसून पाहिलं, मग रागावून पाहिलं, मग स्वतः चहा करून पाहिला. तो पिऊन झाल्यावर तिन्ही भावांचं एकमत झालं, की हे नाव तातडीनं परत चढलं पाहिजे. सोळा वर्षांत या घरातल्या पुरुषांनी कुठल्याही सरकारी कामात एवढी तडफ दाखवली नव्हती. सोमवारी दुकानाला सुट्टी टाकून सिद्धाराम कचेरीत हजर झाला. पुरवणी कागद नुकतेच छापून आले होते. कारकुनानं अर्ज पुढं सरकवला.

नाव त्यानं झटक्यात लिहिलं. पुढला रकाना वयाचा होता. सिद्धारामनं थोरल्या पोराच्या वयावरून मागं जाऊन पाहिलं, वाटेत दोनदा चुकला. त्यापुढं शिक्षण. तिला वाचता येतं का, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. त्यापुढं वडिलांचं पूर्ण नाव. सासऱ्यांना तो आयुष्यभर 'मामा' म्हणत आला होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि अर्ज घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आगं, तुझं वय किती म्हणायचं?"

हेमावतीनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"कार्डात बघा की."

वाचणारे इथं हसतील. जरूर हसावं. हसून झालं, की आपल्या घरात रोज सकाळी जी बाई चूल पेटवते तिचं वय, शिक्षण आणि तिच्या वडिलांचं पूर्ण नाव, एवढं मनातल्या मनात भरून पाहावं. घाई नाही, आम्ही थांबतो. फक्त आत जाऊन तिला विचारायचं नाही, आणि कार्डासाठी कपाट उघडायचं नाही.