मल्लूअण्णांच्या खोलीतले दिवे

मल्लूअण्णांच्या घरी गेलं की चप्पल बाहेर काढायची आणि आत शिरताना खुंटीवरचा राखाडी शर्ट अंगात घालायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या अंगात लाल टी-शर्ट होता. अण्णांनी उंबऱ्यावरच अडवलं. "नोड्री, तुमचा लाल रंग माझ्या फोटूवर सांडतोय की." नोड्री म्हणजे कानडीत 'बघा'. मी बापड्याने आधी फरशीकडे बघितलं, खरंच काही सांडलंय का म्हणून.

अण्णा मूळचे अक्कलकोटचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि जुळे सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. फोटोचा नाद जुनाच, पण वहिनी गेल्या आणि तो नाद भलतीकडेच निघाला. पुढच्या खोलीचा चांगला पोपटी रंग घालवून त्यांनी भिंती राखाडी केल्या, भिंतीचा रंग फोटोवर पडू नये म्हणून. खिडकीला काळा पडदा ठोकला. एक तर सोलापूरचा उन्हाळा, त्यात शर्टावर शर्ट, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण फोटू हालतो. फोटो बघायला जायचं आणि घामाने निथळत घरी यायचं.

बरं, फोटो एकच. अंगणात जास्वंदीजवळ वहिनी उभ्या आहेत, आणि गॅसवर भाजी ठेवून आल्यासारखी त्यांची घाई चेहऱ्यावर दिसते. वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं, लेक पुण्याहून यायची होती, आणि त्याच खोलीच्या भिंतीवर नुसता खिळा. अण्णा फोटो फ्रेमला देतच नव्हते. का, तर उजेड ठरत नव्हता.

मी जाऊन बसलो की अण्णा एक दिवा काढायचे, दुसरा लावायचे. "आता साडी कुठल्या रंगाची दिसती?" मी म्हणायचो, तपकिरी. तो दिवा रद्द. पिवळ्या दिव्याखाली मातकट म्हणालो, तोही रद्द. एकदा कंटाळून "हिरवी" म्हणालो, तर अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की मला दवाखान्यात न्यायचा विचार करतायत असं वाटलं. "उजेड खोटं बोलतो की," हे त्यांचं पालुपद.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून दिव्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने खास फोटोवाल्यांचा दिवा काढून दिला, भर दुपारच्या उन्हासारखा रंग दाखवणारा. मला वाटलं, सुटलो. अण्णांनी घरी येऊन तो लावला, फोटो बघितला, दिवा काढला आणि कोचाखाली सारला.

"आता याचं काय बिघडलं?"

"हा लई खरं बोलतो."

माझं डोकंच चालेना. "अहो, खरं बोलणाराच पाहिजे होता ना? तुम्हाला हवंय तरी काय?"

अण्णांनी कोचाखालचा दिवा काढून परत लावला आणि फोटो माझ्या पुढ्यात धरला. साडी सरळसरळ चिकूच्या सालीच्या रंगाची.

"साडी घेताना बाई काय करती? पदर धरून दुकानाच्या पायरीवर जाती, उन्हात बघती. ही बी उठली होती. मी म्हणलो, बस की, जांभळी हाय, दिसतंय. मला यष्टी गाठायची होती. घरी येऊन बघतो तर हे असं. पण ती म्हणली, जांभळीच हाय. मरेपर्यंत जांभळीच म्हणली. साडी तर तिला नेसवूनच न्हेली, आता ताडून बघायला कायबी न्हाय. कुठल्यातरी दिव्याखाली ती जांभळी दिसायला पाहिजे की. न्हायतर बिचारी जन्मभर माझ्यासाठी खोटं बोलली, असं होतंय."

"रंग कॉम्प्युटरवर बदलता येतो, अण्णा."

"मग मी खोटं बोललो असं होईल."

तेवढ्यात माझी बायको सुनंदा मला जेवायला बोलवायला आली. न सांगता तिने साडीवर खुंटीवरचा दुसरा राखाडी शर्ट चढवला, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "किती छान दिसतात वहिनी. ही त्यांची जांभळी साडी ना?"

मी दिव्याकडे बघितलं. तोच, लई खरं बोलणारा. "जांभळी?" मी म्हणालो, आणि सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला.

अण्णांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "तिनं शिकवलंय व्हय तुमाला?"

सुनंदा जरा घुटमळली. "सगळ्या कॉलनीला, अण्णा. ती साडी नेसल्या की आधी येऊन सांगायच्या, यांच्यासमोर जांभळी म्हणा बरं का. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाल्या, त्यांनी आपणहून दुकानात नेऊन घेतलेली ही एकच साडी हाय, रंगाचं काय घेऊन बसलीस."

अण्णांनी राखाडी बाहीने डोळे पुसले. "दिवा ऱ्हाऊ द्या तोच," एवढंच म्हणाले. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना माहीत असलेली गोष्ट मलाच कशी माहीत नव्हती, ते काही कळेना.

लेक यायच्या आधी फोटो खिळ्यावर लागला. काळा पडदाही निघाला. परवा दुपारी गेलो तर खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, वर तो दिवाही चालू. मी सवयीने राखाडी शर्ट घातला.

"कुठला रंग दिसतो?" अण्णांनी विचारलं.

"जांभळा," मी म्हणालो.

"व्हय की," अण्णा म्हणाले, "मलाबी."