ओल नव्हे, गारवा

"अर्ज करून तर बघू, आपल्या बापाचं काय जातंय!" असं मी जेवताजेवता म्हणालो आणि तिथेच फसलो.

पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांना सरकार मदत देतं म्हणे. अट एकच : सध्याचं भाड्याचं घर राहण्यालायक नाही, असा शेरा तपासनिसाने मारायला हवा. मदत नाही, तर घरही नाही. आमची शिल्लक मला ठाऊक आहे.

आता माझा धंदा जुन्या फर्निचरचा. समोर कोणी मालाला नावं ठेवली की माझी जीभ सुटते. (शाळेत चालली नाही, ती सगळी दुकानात चालली.) म्हणून बायकोने बजावलं, "साहेब घराला नावं ठेवतील. ठेवू द्या! तुम्ही तोंड उघडलंत, तर जन्मभर याच भिंती पुसत बसू."

बेल वाजली. दार उघडलं, तर तपासनीस म्हणून दारात उभे कोण? गेल्या वर्षी ज्यांच्या गळ्यात मी दार न लागणारं कपाट मारलं होतं, तेच गृहस्थ! मी तोंडाला रुमाल लावला आणि खोकत कोपऱ्यात उभा राहिलो.

"यांना काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"घसा बसलाय," बायको म्हणाली. "या घरानेच बसवलाय."

साहेबांनी भिंतीवर हात फिरवला. "ओल आहे."

मी रुमाल दातांखाली धरला.

"फार ओल आहे हो!"

"ओल कसली, गारवा आहे!" रुमाल कधी पडला ते मला कळलंच नाही.

बायकोने कपाळावर हात मारला. साहेब खिडकीकडे वळले. "ही लागत नाही वाटतं?"

गप्प बस, गप्प बस, असं मी मनाला सांगत होतो. आणि जीभ म्हणाली, "लागायची गरजच काय साहेब? हवा खेळती राहते!"

साहेब थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हवा खेळती राहते," ते सावकाश म्हणाले. "कपड्यांना कुबट वास येत नाही. असंच ना?"

मी भिंतीला टेकलो. भिंत खरोखरच ओली होती.

"कपाटवाले तुम्हीच का?"

"साहेब, बदलून देतो! आजच! हमालीसुद्धा माझी!"

त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि कागद बायकोच्या हातात दिला. गेलं घर, असं म्हणून मी डोळे मिटले. बायकोने मोठ्याने वाचलं :

"अर्जदाराने घराची तोंडभरून स्तुती केली. त्यांच्या स्तुतीचा मला स्वानुभव आहे. घर राहण्यास पूर्णपणे अयोग्य. मदत तातडीने द्यावी."

मदत मंजूर झाली. आता घरं बघायला जाताना बायको मला आवर्जून सोबत नेते. मी ज्या घराला चांगलं म्हणतो, त्याच्या पायऱ्या ती लगेच उतरू लागते.