माझी मान असलं काही करत नाही

"तुमची मान हलतेय," मिस चुआ म्हणाल्या.

"छे!" पद्माकर टिपणीस म्हणाला, आणि मान हलवली.

तालीम थांबली. नाटक इंग्रजी होतं आणि खवचट होतं. आशियाई माणूस म्हटला की रंगमंचावर जे जे ठरलेलं येतं, त्या सगळ्याची लेखिका-दिग्दर्शिका मिस चुआंनी त्यात टर उडवली होती. एक परदेशी जाहिरातवाला सिंगापुरात माणसं निवडायला बसतो. चिनी माणसाला सांगतो, कुंग फू कर. मलाय बाईला सांगतो, लाजून हस. भारतीयाला सांगतो, मान हलव. शेवटच्या प्रवेशात भारतीय इंजिनिअर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणतो, "माफ करा, माझी मान असलं काही करत नाही." अख्खं नाटक या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य म्हणताना पद्माकरची मान आळीपाळीनं दोन्ही खांद्यांची विचारपूस करत होती.

"मान ते दक्षिणेकडचे लोक हलवतात," पद्माकर म्हणाला. "आम्ही पुण्याचे. आमची मान फार ताठ असते, अशीच आमच्याबद्दल तक्रार आहे."

ठोकळेबाज समजुतींची खिल्ली उडवणाऱ्या नाटकाच्या तालमीत हे बोलू नये, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मिस चुआंनी हँडीकॅम पुढे केला. पद्माकरनं चित्रण पाहिलं. आधी त्याला वाटलं, कॅमेराच हलतोय. पुन्हा पाहिलं, तर मागच्या भिंतीवरचं घड्याळ स्थिर होतं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, आणि तेही मान हलवूनच.

"शनिवारपर्यंत थांबवा," मिस चुआ म्हणाल्या. "नाहीतर ही भूमिका आल्विन करेल."

"अहो, पण आल्विन चिनी आहे!"

"मग? आपलं नाटक कशाबद्दल आहे?"

आल्विन कोपऱ्यात उभा राहून वाक्य पुटपुटायलाही लागला होता.

पद्माकरला नाटकाचं वेड कॉलेजपासून. पण पुण्यातल्या एकांकिका स्पर्धांमध्ये त्याच्या वाट्याला आला हवालदार, एकदा प्रेत आणि एकदा चक्क झाड. आता पंचेचाळिशीत, नोकरीसाठी आलेल्या सिंगापूरसारख्या परक्या शहरात, नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्यांदाच त्याच्या तोंडी आलं होतं. ते आल्विनला देण्यापेक्षा त्यानं एखादं मूत्रपिंड आनंदानं दिलं असतं.

"त्यात काय एवढं?" बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मधुवंती म्हणाली. "माझा स्पाँडिलायटिसचा पट्टा आहे ना, तो लावा गळ्याला. मी लावत होते, तेव्हा मला तुमच्याकडे वळून बघता येत नव्हतं. फार सुखात गेला तो महिना."

दुसऱ्या दिवशी पद्माकर गळ्यात पट्टा बांधून ऑफिसला गेला. एलआरटीच्या गाडीत एका आजीबाईंनी त्याला उठून जागा दिली. सकाळपासून चांगली म्हणावी अशी गोष्ट तेवढीच घडली.

ऑफिस हार्बरफ्रंटला, जहाजांच्या मालवाहतुकीचं. तिथे साहेब मिस्टर ओंग रोज विचारायचे, "सिस्टिम सोमवारी तयार. कॅन ऑर नॉट?" पद्माकर मान झुलवायचा. ओंगसाहेब ते 'हो' समजायचे, पद्माकरच्या मनात 'बघू' असायचं, आणि काम गुरुवारी व्हायचं. या व्यवस्थेत इतक्या वर्षांत कोणाचंही मन दुखावलं नव्हतं.

"सोमवारी. कॅन ऑर नॉट?" ओंगसाहेबांनी विचारलं.

मान हलेना. ओंगसाहेब वाट बघत उभे राहिले.

"नॉट," पद्माकर म्हणाला.

आसपासचे कीबोर्ड थांबले.

"फार दुखतंय का?" ओंगसाहेबांनी हळूच विचारलं.

"नाही. सोमवारी होणार नाही. कधीच होत नव्हतं."

ओंगसाहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दुपारी एचआरच्या बाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी तोपर्यंत सगळं ठीक होतं.

संध्याकाळी मधुवंती पोळ्या करता करता म्हणाली, "नोव्हेंबरात दादा-वहिनी येतायत. राहतील महिनाभर. चालेल ना हो?"

एरवी पद्माकरची मान झुलली असती, विमानाची तिकिटं निघाली असती आणि पद्माकर महिनाभर हॉलमध्ये झोपला असता. आज पट्टा आडवा आला. मधुवंती लाटणं हातात धरून उत्तराची वाट बघत राहिली.

"नाही," पद्माकर म्हणाला.

तव्यावरची पोळी टम्म फुगली, बसली आणि करपली.

"म्हणजे... आजवर तुम्ही मान हलवायचात, ती?"

"ती नुसती हलवायचो."

"हा सोफा?"

"टोचतो."

"बालीची ट्रिप?"

"मला घरी झोपायचं होतं."

मधुवंतीनं गॅस बंद केला. "आणि ऋचाचं नाव?"

पद्माकरला छताकडे बघायचं होतं. पट्टा बघू देईना.

"आय्यो बाबा!" ऋचानं दहावीच्या गृहपाठातून डोकं वर काढलं. "आता सांगतोस? माय ओ-लेव्हल ऑल्सो फिनिशिंग! टू लेट, लाह!"

"इतकी वर्षं मी नंदीबैलाबरोबर संसार केला," मधुवंती म्हणाली, "आणि मला वाटायचं, बैलाला माझं सगळं पटतंय."

त्यानंतर तिनं अबोला धरला. घरात अबोला, ऑफिसात पद्माकर जिन्यात समोर दिसला की ओंगसाहेब लिफ्टनं जायचे. पण शनिवारी पद्माकरनं पट्टा सोडला, जाहिरातवाल्यापुढे उभा राहिला आणि वाक्य म्हणाला. मान म्हणजे हेमाडपंती खांब! मिस चुआ म्हणाल्या, "गुड." आल्विननं सुस्कारा सोडला.

पहिल्या प्रयोगाला निशिकांत आधीच हजर होता. निशिकांत म्हणजे मराठी मंडळाचा अध्यक्ष. "आपला माणूस इंग्रजी नाटकात, म्हणजे पहिल्या दोन रांगा आपल्याच," असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मधुवंती अबोल्यासकट आली होती, पण पैठणी नेसून. तिच्या शेजारी ओंगसाहेब. त्यांना पद्माकरनं तिकीट त्या 'नॉट'च्या आधीच देऊन ठेवलं होतं.

शेवटचा प्रवेश आला. जाहिरातवाला ओरडला, "हलव मान!" पद्माकर दोन पावलं पुढे आला.

"माफ करा. माझी मान असलं काही करत नाही."

केसाइतकीही हलली नाही. वाक्य बाणासारखं गेलं आणि रुतलं.

आता, मराठी रसिकाला एखादी जागा फार भिडली तर तो लगेच टाळ्या वाजवत नाही. टाळ्यांनी जागा विस्कटते. तो डोळे अर्धवट मिटतो, घशातल्या घशात "वा!" म्हणतो आणि मान डोलावतो. पहिल्यांदा निशिकांतची मान डोलली. मग त्याच्या शेजारच्याची. बघता बघता वारं सुटलेल्या ज्वारीच्या शेतासारख्या दोन्ही रांगा डोलायला लागल्या. रंगमंचावर एक माणूस सांगतोय की आमची मान असलं काही करत नाही, आणि त्याच्या पायाशी, त्याच उजेडात, त्याचं अख्खं गणगोत तेच करतंय!

मागचं प्रेक्षागृह फुटलं. हसण्याचा असा काही लोंढा आला की जाहिरातवालाच खुर्चीतून घसरला. "काय झालं हो?" निशिकांतनं मागे वळून विचारलं. कोणालाच सांगता येईना. "आवडलेलं दिसतंय लोकांना," असं म्हणत त्यानं समाधानानं पुन्हा मान डोलावली, आणि दुसरा लोंढा आला.

पद्माकरला वरून सगळं दिसत होतं. अबोला धरलेली मधुवंती डोळे मिटून डोलत होती. तिच्या शेजारी ओंगसाहेबही डोलत होते, अगदी तालात. इतक्या वर्षांच्या सहवासाचा काहीतरी परिणाम होणारच.

पडदा पडला. सगळं पाण्यात गेलं, असं समजून पद्माकर विंगेत खाली मान घालून उभा राहिला. मिस चुआ डोळे पुसत आल्या, त्याला ओलांडून थेट मंडळींबरोबर विंगेत आलेल्या मधुवंतीकडे गेल्या.

"उद्या पण या. प्रत्येक प्रयोगाला या. सगळे. कॅन?"

"कॅन!" अबोला धरलेली मधुवंती म्हणाली.

"पण सांगून ठेवतो, आम्ही हुकमावर दाद देत नाही," निशिकांत म्हणाला. "वाक्य मनाला भिडलं पाहिजे."

"भिडेल. पद्माकर भिडवेल." मिस चुआंनी दिवेवाल्याला हाक मारली. "उद्यापासून शेवटच्या वाक्याला झोत पहिल्या दोन रांगांवर. स्टेजवर अंधार."

"अंधार?" पद्माकर म्हणाला. "मग माझी मान?"

"कशीही ठेवा. कोणाला दिसणार?"

दुसऱ्या दिवशी पद्माकरनं आयुष्यातलं सर्वांत मोठं वाक्य काळोखात उभं राहून म्हटलं. मान मनसोक्त, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत झुलत होती. समोर लख्ख उजेडात मधुवंती होती, नवी साडी, केसांत गजरा. टाळ्या थांबेनात. प्रयोगानंतर दोन बायका कार्यक्रमपत्रिकेवर तिची सही घेऊन गेल्या.

एलआरटी बुकित पंजांगला पोचत आली, तेव्हा तिनं अबोला सोडला.

"आज वाक्य जरा घाईत टाकलंत तुम्ही," ती म्हणाली. "आमच्या दुसऱ्या रांगेला नीट डोलताच आलं नाही. उद्या सांभाळा."