बनुबाईचं ताट

"हे मोठं ताट आप्पासाहेबाच्या घरी, आन् ही ल्हान ताटली वैजनाथाच्या. ध्यानात ऱ्हाईल का?" झुंबरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"होय आजी. मी अत्यंत काळजीपूर्वक जाईन," कल्याण म्हणाला.

त्याचं खरं नाव कॅलम. न्यूझीलंडहून मिशनच्या वसतिगृहात मुलांना शिकवायला आलेला बावीस वर्षांचा पोरगा. ते नाव नेवासा तालुक्यातल्या त्या गावाच्या तोंडात काही बसेना, म्हणून तिसऱ्याच दिवशी त्याचं कल्याण झालं. पुण्याला सहा महिने मराठी शिकून आल्यामुळे तो पुस्तकासारखा बोलायचा. कोंबडी आडवी आली तरी "क्षमा करा" म्हणायचा. झुंबरबाईंच्या घरी मागची खोली रिकामी होती, तिथे तो राहायचा.

दोन वर्षं सेवा करायची म्हणून आलेला कल्याण पाचव्या महिन्यातच परत निघाला होता. तीन जानेवारीचं विमान ठरलं होतं. कारण विचारलं तर म्हणायचा, "आजी, माझा इथे कोणालाही उपयोग नाही." त्यात तथ्य नव्हतं असं नाही. गावातले लोक चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांना बायबल तोंडपाठ, भजनाला टाळ-मृदंग घरचा, मग हा शिकवणार काय? बरं, न्यूझीलंडला त्याच्या घरी मेंढ्या होत्या म्हणून गेल्या आठवड्यात मोठ्या उमेदीने त्याने एका धनगराच्या एडक्याची लोकर कातरून दिली. काम देखणं झालं. पण याच्या देशात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, आणि इथे पहाटे दातावर दात वाजत होते. धनगर एडक्याला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा एडका थरथरत होता आणि कल्याण त्याहून जास्त. शेवटी झुंबरबाईंनी आपला जुना स्वेटर काढून दिला. तो एडका अजून मरून रंगाचा स्वेटर घालून गावात हिंडतोय.

पोरगा जाणार हे कळल्यापासून झुंबरबाईंना चैन नव्हतं. त्या आठ वर्षांच्या असताना गावात परदेशातून आलेल्या मिशनच्या मिससाहेब होत्या. दवाखाना चालवायच्या, सगळ्यांना रागवायच्या, पांढऱ्या साडीला कधी डाग नसायचा. एका नाताळात संध्याकाळी झुंबरबाईंना त्या विहिरीच्या काठावर मांडीवर घरचं पत्र घेऊन बसलेल्या दिसल्या. डोळे लाल. एवढी मोठी बाई रडते हे बघून घाबरलेल्या झुंबरने हातातली उष्टी करंजी पुढे केली होती. मिससाहेबांनी ती मुकाट्याने खाल्ली. पुढे त्या चाळीस वर्षं राहिल्या, आणि आता गावच्या कबरस्तानात लिंबाखाली आहेत. काल कल्याणही अंगणात तसाच फोन मांडीवर घेऊन बसला होता. या वयात उष्टी करंजी पुढे करता येत नाही, म्हणून झुंबरबाईंनी त्याला काम दिलं. चुकायला जागाच नाही असं काम. नाताळच्या आदल्या दिवशी भर दुपारी फराळ पोचवायचा, तोही एकाच ओट्यावरच्या दोन दारांत.

तिथेच चुकलं.

आप्पासाहेब आणि वैजनाथ हे सख्खे भाऊ. एका घरात मधोमध भिंत घालून राहणारे. अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणी सुरळीत झाली होती, भांडण लागलं ते वडिलांच्या चांदणीवरून. नाताळात घरावर लावायची ती बांबूची मोठी चांदणी म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेली. ती कोणाच्या भागावर लावायची? मिटलं नाही. चांदणी माळ्यावर गेली आणि दोघांनी दोन नव्या आणल्या. मग एकाने काठी वाढवली की दुसरा वाढवायचा. आता दोन्ही चांदण्या इतक्या उंच गेल्या होत्या की तारा बघत येशूबाळाला शोधायला निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक आज आले असते, तर उंट थांबवून नेमकं घर कोणतं हे दुकानात विचारावं लागलं असतं.

कल्याण अर्ध्या तासाने परत आला तो चेहरा उजळून.

"आजी, काम झालं. आणि मी त्यात एक सुधारणा केली."

झुंबरबाईंच्या हातातली चकली थांबली. "कसली सुधारना?"

"आप्पासाहेबांच्या घरी माणसं दोन. वैजनाथ यांच्या घरी पाच. मोठं ताट दोघांना आणि लहान ताटली पाच जणांना, हे न्याय्य नाही. म्हणून मी उलट दिलं."

झुंबरबाई खाली बसल्या. "आरं माझ्या देवा! आरं, ते ताट बनूचं हुतं!"

"बनुबाईंचं? पण फराळ तर आपला होता."

"फराळ आपला, ताट तिचं! पंधरा दिसांमागं त्यात तिनं हरबऱ्याची भाजी धाडलेली. रिकामं ताट परत द्यायचं नसतं, म्हनून मी फराळ हुईस्तोवर ठिवलं. त्याच्यावर तिचं नाव हाय, मशिननं घातल्यालं. सौभाग्यवती बनुबाई आप्पासाहेब!"

कल्याणला ते लगेच उमजेना. त्याच्या देशात ताटावर कोणी नाव घालत नाही. झुंबरबाईंनी त्याला सगळं उलगडून सांगितलं. मोनिका, म्हणजे वैजनाथची बायको, फराळ काढून घेणार. खाली नाव वाचणार. अकरा वर्षांनी थोरल्या जावेने फराळ धाडला असं समजणार. आणि तेही ताट रिकामं परत द्यायचे नाहीत. ते घेऊन वैजनाथ भावाच्या दारात जाणार, आणि बनुबाई सगळ्या आळीसमोर म्हणणार, "मी कुठं काय धाडलं?" बनू तोंडाची फटकळ. वैजनाथ पुन्हा या जन्मात त्या दाराकडे बघणार नाही.

कल्याणचा चेहरा पडला. एडक्याच्या वेळी पडला होता त्याहून जास्त. "मी आत्ता जातो आणि सत्य सांगतो."

"काई सांगू नगंस! ताट गुपचूप मागून आन."

"आजी, मला खोटं बोलता येणार नाही."

"खोटं बोल म्हनती का मी? गप ऱ्हा म्हनती! गप ऱ्हायला तुज्या देशात काय बंदी हाय?"

पण तो निघालाच. लांब टांगांचा पोरगा, आणि मागून गुडघे धरून पळणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या झुंबरबाई. वाटेत स्वेटरवाला एडका आडवा आला. कल्याण "क्षमा करा" म्हणायला थांबला, म्हणून बरं. झुंबरबाईंनी त्याला गाठलं आणि त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं, ते ओटा येईपर्यंत सोडलं नाही.

तरी उशीर झालाच होता. वैजनाथ थोरल्याच्या दारात उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात ते ताट, ताटात तिळाचे लाडू. मागे मोनिका पदर सावरत उभी. वर पत्र्यावर आप्पासाहेब चांदणीची काठी बांधत होते. त्यांनी खाली पाहिलं, आणि हातातली सुतळी तशीच राहिली.

आतून बनुबाई आल्या. धाकट्या दिराला पाहून उंबऱ्यातच थबकल्या.

"वैनी," वैजनाथ म्हणाला. त्याने ताट पुढे केलं. "फराळ पोचला."

कल्याण पुढे सरला. "क्षमा करा, एक गंभीर चूक झाली आ—"

झुंबरबाईंनी आपला सगळा भार त्याच्या पायावर दिला. वाक्य तिथेच खुंटलं.

बनुबाईंनी ताट घेतलं. लाडू बाजूला सारून नाव पाहिलं. मग लाडवांशेजारी ठेवलेली एक करंजी उचलून तिची कड न्याहाळली. झुंबरबाईंकडे पाहिलं. एका पायावर उभ्या असलेल्या, घामाघूम गोऱ्या पोराकडे पाहिलं. झुंबरबाईंनी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सुरू केली होती.

"भावजी," बनुबाई म्हणाल्या, "येक ताट परत द्यायला येवढा येळ लागतो व्हय? मला वाटलं, ठिवून घेतलं का काय तुमी."

वैजनाथ हसला की रडला हे नीटसं कळलं नाही. सदऱ्याच्या बाहीने त्याने तोंड पुसलं.

वरून आप्पासाहेबांचा आवाज आला. "कोन आलंय?"

वरून त्यांना सगळं दिसत होतं. तरी बनुबाई म्हणाल्या, "भावजी आल्याती."

वरून सुतळीचं भेंडोळं खाली पडलं. मग आवाज आला, "मंग त्याला म्हनावं, नुस्ता उबा काय ऱ्हायलाय? शिडी धर. हलती लई."

दिवस मावळायच्या आत माळ्यावरची वडिलांची चांदणी खाली आली. कागद उंदरांनी खाल्ला होता, पण बांबू शाबूत होता. दोघे भाऊ नवा कागद चिकटवायला बसले आणि लाल लावायचा की पिवळा यावरून अशी जुंपली की सगळी आळी बाहेर आली. कल्याण धावत झुंबरबाईंकडे आला.

"आजी, ते पुन्हा भांडत आहेत!"

"बोलूनच भांडत्यात न्हवं?" झुंबरबाई म्हणाल्या. "अकरा वर्सांचं साचलंय. चार दिस चालंल."

तरी पोराच्या मनातली सल जात नव्हती. रात्री जेवताना तो भाकरी कुस्करत म्हणाला, "आजी, ते सत्य नव्हतं." झुंबरबाईंनी त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

नाताळची उपासना आटोपून लोक अंगणात एकमेकांना शुभेच्छा देत होते, तेव्हा त्याने मोनिकाला गाठलंच. झुंबरबाई पोचेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं होतं, सुधारणेसकट. मोनिकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि झुंबरबाईंकडे वळली.

"काकू, आख्ख्या गावात करंजीला हातानं मुरड घालनारी बाई येक तुमीच. आमी सगळ्या कातन्यानं कापतो. लग्न होऊन आले तवापून तुमच्या करंज्या खाती मी. मला वळखू यायच्या न्हाईत व्हय?"

"मंग ग?"

"मंग काय? ताटावर नाव हुतं. ते मोठ्यांदा वाचलं. वाचन्यात काय पाप हाय?" ती हसली. "आन् येक करंजी ताटात मुद्दाम ठिवली, बनूआक्कांना बी कळावं म्हनून."

झुंबरबाईंनी पलीकडे पाहिलं. बनुबाई दुसऱ्याच बाईशी बोलत होत्या, पण कान इकडे होते, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षं दोन्ही दारं निमित्ताची वाट बघत बसली होती. गावातल्या शहाण्या माणसांपैकी कोणाच्या हातून ते घडणं शक्य नव्हतं, कारण कुठलं ताट कुठल्या दारी द्यायचं हे सगळ्यांना नीट माहीत होतं.

दुपारी झुंबरबाईंनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर मेंढ्यांचं चित्र. कल्याणच्या आईने नोव्हेंबरात त्यांच्यासाठी मुद्दाम पाठवलेला. बिस्किटं केव्हाच संपली होती. डबा धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी तळाशी कागद घातला आणि करंज्या रचायला घेतल्या.

"तीन तारखेला तुजं इमान," पोराकडे न बघता त्या म्हणाल्या. "आईला म्हनावं, डबा रिकामा धाडायचा न्हाई, आशी आमची रीत हाय. हातात धरून ने. मुरड मोडंल."

कल्याणने एक करंजी उचलून तिची मुरड बोटाने चाचपली आणि परत डब्यात ठेवली. बाहेर दोघा भावांचा आवाज चढला होता. कोणीतरी ओरडलं, "आरं, त्या कल्यानला बोलवा! त्यो उंच हाय, त्याचा हात पोचंल!"

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"आजी," त्याने विचारलं, "हा डबा पोस्टाने गेला, तर करंज्या मोडतील का?"

झुंबरबाई डब्यात बघत राहिल्या. मग हात लांबवून त्यांनी अजून थोडा कागद घेतला आणि करंज्यांच्या मधे मधे दाबून बसवायला लागल्या.