मुरलीधर नानांचा आक्षेप

मोटारींच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे मुरलीधर नानांना विचारू नये. टीव्हीवर विजेता शॅम्पेनच्या फेसानं भिजलेला असतो, त्याची आई आनंदानं रडत असते, आणि नाना म्हणतात, "निकाल आजून कच्चा शे. गाडी तपासू द्या."

कारण शर्यत संपली की गाड्या तपासतात. वजन करतात, तळाची फळी किती झिजली ते मोजतात. ती नियमापेक्षा जास्त झिजलेली निघाली, की पहिला आलेला थेट बाद. नानांचा सगळा जीव या तपासणीत अडकलेला. आधीची शर्यत त्यांच्या लेखी नुसता सोपस्कार.

नाना मूळचे पाचोऱ्याकडचे. आयुष्यभर जमिनीची मोजणी केली, बांधावर भांडणाऱ्या भावाभावांच्या मधे साखळी धरून उभे राहिले. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा मोटारींच्या मागे लागले. जळगावात केळी आहेत, सोनं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शर्यतीच्या मोटारींचे नियम तोंडपाठ असलेला माणूस फक्त आमच्या गल्लीत आहे, आणि हे मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो.

एकदा ते नशिराबादकडच्या एका यात्रेला माझ्याबरोबर आले होते. आमच्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यात माणसं खच्चून बसवायची आणि देवाचं नाव घेऊन भगतानं त्या एकट्यानं ओढायच्या. लोक हात जोडून उभे, आणि नाना वाकून चाकांची वंगणं बघतायत. मागच्या दोन गाड्यांना वंगण जास्त आहे, असा त्यांनी आक्षेप नोंदवला. भगत अंगात आलेल्या अवस्थेतही थांबला. म्हणाला, "नाना, तुमी गाडीमा बठा. तुमनासंगे तुमना नियम बी वढी लेस." नाना बसले. गाड्या निघाल्या. उतरल्यावरही त्यांनी आक्षेप मागे घेतला नाही. नानांनी आक्षेप मागे घेतल्याचं कुणी पाहिलेलंच नव्हतं.

यंदा तर त्यांना सुगीच होती. नवे नियम, नवी इंजिनं, अर्धी ताकद विजेची. एका कंपनीच्या इंजिनाचं माप थंड असताना घ्यायचं की तापल्यावर, यावर तिकडे परदेशात रण पेटलं. इकडे कोपऱ्यावरच्या टपरीवर नाना म्हणाले, "जयगावमा थंड इंजिन आनानं कोठून?" तिथं आमच्यापुरता वाद मिटला.

आवाजाचा मात्र मिटेना. इंजिनं पूर्वीसारखी गरजत नाहीत, हे नानांचं मोठं दुःख. "गाड्या पयी राह्यन्यात का शिलाई मशीन चाली राह्यनं?" असं ते रोज विचारत. टपरीवर त्यांना एकच माणूस उत्तर द्यायचा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे चौधरी सर. सरांचं म्हणणं, आवाज आहे, नानांचा टीव्हीच दबका आहे.

मे महिन्यात सर इरेला पेटले. "नाना, या रविवारी आम्ही सगळे तुमच्या घरी येतो. माझे स्पीकर लावू आणि यंदाच्या गाड्या सगळ्यांसमोर ऐकू."

"घरी नको," नाना म्हणाले.

"मग माझ्याकडे या."

"शर्यत मी घरीच बघतो."

"मग आक्षेप मागे घ्या."

नाना चहा अर्धा टाकून उठून गेले. मागे सगळे हसले. नाना चिक्कू आहेत, हे ठरलेलंच होतं. जळगावच्या मे महिन्यात ज्याच्या घरचा कूलर बंद, त्याला दुसरं काय म्हणणार? उन्हाळ्यात त्यांच्याकडे कुणी फिरकतही नसे.

मला मात्र राग आला. आमच्या गल्लीचा अभिमान असा पाठ दाखवून जातो म्हणजे काय? रविवारी शर्यतीच्या वेळी मी त्यांना सरांकडे ओढून न्यायलाच गेलो.

दार उघडंच होतं. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या. अक्का, म्हणजे नानांची बायको, खाटेवर पडल्या होत्या. नाना त्यांच्या उशाशी बसून ओल्या पंच्यानं वारा घालत होते. समोर टीव्हीवर गाड्या सुसाट पळत होत्या आणि घरात चिटपाखराचाही आवाज नव्हता. टीव्ही मुका होता.

मागच्या वर्षी अक्कांच्या मेंदूला सूज आली होती. दवाखान्यातून आल्या तेव्हा आम्ही भेटून आलो, त्या हसून बोलल्या, आम्हाला वाटलं बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून मोठा आवाज त्यांच्या डोक्यात घणासारखा बसतो, हे मला नानांनी आत्ता सांगितलं. मिक्सर, कूलर, टीव्ही, काही चालत नाही. आवाजावरून गावभर भांडणाऱ्या माणसानं यंदाची एकही गाडी ऐकलेली नव्हती.

"मी यास्ले किती सांगस, आवाज लावा," अक्का हळूच म्हणाल्या. "घरमा बंद ठेवतस अन् बाहेर जाईसन आवाजसाठे भांडतस."

नाना ओशाळले. मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "टपरीवर बोलू नको भो. गल्लीमा लोके दबकत चालतीन. तिले ते आवडाव नही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपरीवर सरांनी विचारलं, "मग, नाना?"

नाना उभे राहिले. "मी आक्षेप मागे घेतो. आवाज भरपूर शे. टीव्हीच खराब."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कूलर चालू करण्याचाही सल्ला दिला. नानांनी मान डोलावली, चहाचे पैसे दिले आणि स्कूटरला किक मारली. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, आणि बोलायला बंदी.

पाठोपाठ मीही मोटारसायकलवर निघालो. नानांच्या दारावरूनच मला घरी जावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी नाना पुढे दिसले. त्यांनी स्कूटर बंद केली, उतरले आणि ढकलत नेऊ लागले. सत्तरीचा माणूस, ऊन अजून उतरलं नव्हतं, आणि ती जुनी स्कूटर म्हशीसारखी जड. दर दहा पावलांवर थांबत होते.

मी मोटारसायकल बंद केली आणि त्यांच्या मागून ढकलत निघालो.

नानांनी वळून पाहिलं. "पेट्रोल सरनं का भो?"

"हो नाना," मी म्हटलं, "संपलं."